क्षची पुडी: समीकरणं हाताने सोडवून बघण्याचा उद्योग

"बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे वाक्य सातवी आठवीच्या वर्गात जवळपास प्रत्येकाला पाठ असतं. का बदलतं विचारा, सगळे एकमेकांकडे बघतात. एकजण म्हणाला नियमच आहे तसा, दुसरा म्हणाला बरोबरच्या चिन्हावरून उडी मारली की बदलतं. ही मुलं उदाहरणं बरोबर सोडवतात बरं का, पेपरात मार्कही मिळवतात, पण ३क्ष = १२ दिलं की त्यातली निम्मी ३ सुद्धा पलीकडे नेऊन १२ मधून वजा करतात, कारण उडी मारली की चिन्ह बदलतं ना! तर यावेळी एकचल समीकरणं (म्हणजे एकच अज्ञात क्ष असलेली) सुरू करताना म्हटलं फळ्यावर क्ष लिहायचाच नाही, आधी वस्तू हातात द्यायच्या, नियम मुलांना काढू दे. कसं झालं, कुठे गाडी अडली ते सगळं लिहितेय, कुणाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल.

सुरुवातीला एक छोटी चाचणी घेतली, एकाच प्रश्नाची. ८ + ४ = ▢ + ५, चौकटीत काय येईल? जी मुलं मोठमोठे गुणाकार तोंडी करतात त्यांनीही बिनधास्त १२ लिहिलं. काहींनी पुढचा ५ पण मिळवून १७ लिहिलं. ७ लिहिणारे थोडेच. हा घोळ फक्त माझ्याच वर्गात नाही, शिक्षकांमध्ये हा प्रश्न प्रसिद्धच आहे. पहिलीपासून मुलांनी बरोबरचं चिन्ह बघितलेलं असतं ते "आता उत्तर लिही" या अर्थानेच, डावीकडे काम आणि उजवीकडे उत्तर. दोन्ही बाजू सारख्या आहेत असं ते चिन्ह म्हणतंय हे त्यांच्या गावीच नसतं. मग रॉबर्ट रेकॉर्ड या जुन्या गणितज्ञाची गोष्ट सांगितली, त्याने १५५७ मध्ये आपल्या पुस्तकात हे चिन्ह पहिल्यांदा छापलं, आणि दोन समांतर रेघाच का घेतल्या तर म्हणे यापेक्षा सारख्या दोन गोष्टी कुठल्या असणार. गोष्ट आवडली मुलांना, पण गोष्टीने डोक्यातली सवय जात नाही. त्यासाठी तराजू पाहिजे.

तराजू हँगरचाच केला, दोन्ही टोकांना दोऱ्याने सारखे प्लॅस्टिकचे डबे बांधले आणि वजनं म्हणून लोखंडी वॉशर. ऐकायला एकदम सोपं वाटतं. पण हँगरचा आकडा खिळ्यावर घासतो, त्यामुळे एका वॉशरचा फरक असला तरी पठ्ठ्या ढिम्म हलत नाही, आणि मुलं "झालं सारखं" म्हणून मोकळी. शेवटी लाकडी फूटपट्टीला तीन भोकं पाडली, दोन टोकांना आणि एक बरोबर मध्ये, मधलं भोक टोकांच्या भोकांपेक्षा किंचित वर. हे किंचित महत्त्वाचं आहे. फार वर घेतलं तर तराजू सुस्त होतो, आणि टोकांच्या रेषेच्या खाली गेलं तर पट्टी एका बाजूला कलंडते ती परत येतच नाही. वॉशर मोठे घ्या, छोट्यांचं वजन जाणवत नाही.

दुसरी अडचण जास्त मजेशीर होती. क्ष म्हणून काडेपेटी घ्यायची, आत काही वॉशर लपवायचे असा बेत होता. २क्ष + ३ = ११ मांडायचं तर डावीकडे प्रत्येकी ४ वॉशर भरलेल्या दोन पेट्या आणि ३ सुटे वॉशर, उजवीकडे ११. पण पेटीला स्वतःचं वजन असतं! डावा डबा खाली. यावर उपाय म्हणजे उजवीकडे दोन रिकाम्या पेट्या ठेवायच्या, पण मग मुलं म्हणणार उजवीकडे पण दोन क्ष आहेत की. म्हणून पेट्या रद्द केल्या आणि पातळ कागदाच्या पुड्या बांधल्या. वॉशरपुढे कागदाचं वजन काहीच नाही. तिथून वर्गात क्षचं नाव पुडीच पडलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

नियम तीनच. पुडी उघडायची नाही. जे एका बाजूला कराल तेच दुसऱ्या बाजूला करायचं. आणि सगळ्या पुड्यांत सारखेच वॉशर. तिसऱ्या नियमावर लगेच हात वर आला, "पण मॅडम वेगवेगळे असले तर?" मला हा प्रश्न इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. म्हटलं मग वेगळ्या रंगाचा कागद घ्यायचा, एका रंगाच्या पुड्यांत आतला आकडा एकच. आणि हे काही माझ्या डोक्यातलं नाही, आपल्याकडे जुन्या बीजगणितात अव्यक्त (म्हणजे माहीत नसलेल्या) राशींना रंगांचीच नावं द्यायचे, पहिली यावत्तावत् आणि मग कालक, नीलक, पीतक. म्हणजे काळा, निळा, पिवळा. हे ऐकल्यावर मागच्या बाकावर कालक म्हणजे क्षचा मोठा भाऊ वगैरे विनोद सुरू झाले, होऊ दिले.

पहिल्या उदाहरणाला मुलांनी दोन सेकंदात उत्तर दिलं. चारच आहेत मॅडम, उघडू का? बरोबर होतं. अंदाजाने उत्तर आलं तर त्यांना पद्धत कशाला हवी, आणि का हवी असावी? म्हणून सोपी उदाहरणं पटकन आटोपून दोन्हीकडे पुड्या असलेलं दिलं, ३क्ष + २ = क्ष + १४. आता अंदाज चालेना, निदान पटकन चालेना, आणि हात कामाला लागले. कुणी आधी दोन्हीकडचे दोन-दोन वॉशर काढले, कुणी आधी एक-एक पुडी काढली, आणि दोन्ही गटांना ६ च आल्यावर खरं कुणाचं यावरून वाद. क्रम कुठलाही चालतो हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं असतं तरी ते या वादाइतकं पोचलं नसतं. एका गटाने मात्र डावीकडून एक पुडी काढली आणि उजवीकडून एक वॉशर, का तर "एक-एक काढलं ना". तराजू धाडकन उजवीकडे गेला. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

खरा तराजू इथपर्यंतच वापरला. पुढे तो जागा अडवतो, हलतो, दर वेळी स्थिर व्हायची वाट बघावी लागते, आणि एवढे तराजू प्रत्येक गटाला करून देणं पण शक्य नव्हतं. कागदावर मधोमध उभी रेघ मारली, तोच तराजू. मुलांनी ते इतक्या सहज मान्य केलं की मीच बघत राहिले.

आता सगळ्यात कंटाळवाणं पण माझ्या मते सगळ्यात कामाचं. वहीत तीन रकाने आखायला लावले: हाताने काय केलं ते शब्दांत, त्याचं चित्र, आणि त्याचं समीकरण. "दोन्हीकडून एक पुडी काढली", शेजारी चित्र, शेजारी २क्ष + २ = १४. मुलांना हे अजिबात आवडलं नाही, खेळायला मिळतंय तर लिहायला कशाला लावता. पण मी हट्ट सोडला नाही, कारण लिहिलं नाही तर तासाच्या शेवटी उरतात फक्त पुड्या, आणि पुड्यांचं आणि समीकरणाचं नातं कुणाच्या डोक्यात बसत नाही. साहित्य दिलं की आपोआप शिकतात असं बरेच जण म्हणतात, मला काही ते पटत नाही. हात चालतात तेव्हा डोकं चालतंच असं नाही. काही तासांनी बऱ्याच मुलांनी चित्राचा रकाना स्वतःहून सोडून दिला, नुसतं समीकरणच लिहायला लागली. त्यांच्यापुढून मी पुड्या उचलल्या. काहींना बरेच दिवस लागल्या, लागू देत.

भागाकाराचं गंमतशीर आहे. पुड्या समोर असताना २क्ष = १२ ला एकही मूल १२ मधून २ काढत नाही, सरळ वॉशरचे दोन ढीग करतात. पुड्या उचलल्या आणि नुसतं कागदावर आलं की तीच मुलं क्ष = १० लिहितात! त्यावर औषध म्हणून २क्ष ला काही दिवस क्ष + क्ष असंच लिहायला लावलं. फळा भरून जातो पण घोळ बराच कमी झाला.

आणि मग आले ऋण आकडे. २क्ष − ३ = ७. उणे तीन वॉशर पारड्यात कसे ठेवायचे? मुलांना विचारलं. एकीने सांगितलं तीन ठिकाणी दोरा बांधून वर ओढायचं, एकाने फुगा सुचवला, हवेत जाणारा. दोन्ही कल्पना भारी आहेत, करायला अवघड. मग एकाने म्हटलं चिठ्ठी ठेवूया, तीन वॉशर देणं आहे असं लिहून. मला हेच पाहिजे होतं, कारण खिशात भास्कराचार्यांचं उदाहरण तयार होतं. ११५० च्या त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथातलं आहे: एकाकडे रोख ३०० आणि ६ घोडे, दुसऱ्याकडे तेवढ्याच किमतीचे १० घोडे पण डोक्यावर १०० चं कर्ज, दोघांची मालमत्ता सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? म्हणजे ६क्ष + ३०० = १०क्ष − १००.

हे उदाहरण आम्ही वर्गात अक्षरशः उभं केलं. दोन मुलं श्रीमंत झाली, घोड्यांची चित्रं काढलेल्या चिठ्ठ्या, रोख रकमेच्या चिठ्ठ्या, आणि एक लाल चिठ्ठी कर्जाची. कर्ज कसं जाईल? दुसऱ्याला १०० द्या. पण मग मालमत्ता सारखी राहणार नाही, म्हणून पहिल्यालाही १०० द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, लाल चिठ्ठी फाडली, पहिल्याकडे रोख झाले ४००. आता दोघांकडचे सहा-सहा घोडे बाजूला, ४०० म्हणजे ४ घोडे, एक घोडा १०० चा. आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, म्हणजे ते उणे १०० इकडे येऊन अधिक १०० झाले ते असे? वर्गात असा क्षण फार वेळा येत नाही. तिकडचं काही इकडे आलंच नव्हतं, दोघांना सारखंच दिलं होतं. "पक्षांतर", म्हणजे बाजू बदलणं, हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला.

धन-ऋणाचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच संपत्ती आणि कर्ज याच भाषेत लिहून ठेवलेत, तेही सांगितलं. चिनी गणितात ऋणासाठी काळ्या काड्या आणि धनासाठी लाल काड्या वापरायचे, म्हणजे आमच्या लाल चिठ्ठीच्या बरोबर उलट, त्यावर लगेच "मग आपण पण बदलूया" सुरू झालं. नाही बदललं, एवढ्या चिठ्ठ्या परत कोण रंगवणार.

यानंतरचा भाग मी मुद्दाम घेतला. २क्ष + ९ = ३. मुलांनी दोन्हीकडे नऊ लाल चिठ्ठ्या ठेवल्या, उजवीकडे तीन वॉशर आणि तीन चिठ्ठ्या एकमेकांना खाऊन गेल्या, राहिल्या सहा लाल, म्हणजे एका पुडीत उणे तीन वॉशर. आता पुडीत उणे तीन वॉशर कसे बांधणार हो? मुलं हसायला लागली, मग गप्प झाली, मग एकजण म्हणाला पण उत्तर तर बरोबर येतंय, घालून बघितलं तर. मी सरळ सांगितलं, तराजू इथे संपला, समीकरण संपलं नाही. पुढे २क्ष = ५ ला वॉशर कापायची पाळी आली तेव्हा वॉशर सोडून कागदाच्या पट्ट्या घेतल्या, लांबी अर्धी करता येते. काही शिक्षकांचं म्हणणं असतं की साहित्य जिथे चालत नाही अशी उदाहरणं सुरुवातीला देऊच नयेत, मुलं गोंधळतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. साहित्य कुठे तुटतं हे मुलांनी डोळ्यांनी बघितलं की मगच त्यांना चिन्हांची गरज पटते, नाहीतर ती विचारतात पुड्यांनी येतंय तर क्ष कशाला.

२क्ष + ३ = २क्ष + ५ पण दिलं. पुड्या काढल्यावर ३ आणि ५ समोरासमोर. "मॅडम तुमचं चुकलंय." नाही चुकलं. "मग असा तराजूच असू शकत नाही." हेच लिहा म्हटलं, उत्तराच्या जागी. आणि २(क्ष + १) = २क्ष + २ मध्ये कुठलीही पुडी चालते यावर मात्र बऱ्याच जणांचा विश्वास बसायला वेळ लागला, त्यांना एकच उत्तर पाहिजे असतं.

आलेखाकडे दोरी घेऊन गेलो. दोरीची लांबी मोजायची, एक गाठ मारायची, परत मोजायची, तक्ता करायचा. जाड दोरी १०० सेंटीमीटरची, एका गाठीला साधारण ८ सेंटीमीटर जातात, बारीक दोरी ८० ची, गाठीला ३ जातात. साधारण म्हणतेय कारण प्रत्येक गाठ सारखी बसत नाही, कुणी आवळून मारतं कुणी सैल, त्यामुळे एका दोरीच्या सगळ्या गाठी एकाच मुलाने मारायच्या हे ठरवून घ्या. ठिपके आलेखावर मांडले तर दोन उतरत्या रेघा, त्या चार गाठींपाशी एकमेकींना छेदतात, ६८ सेंटीमीटरच्या आसपास. मग १०० − ८क्ष = ८० − ३क्ष सोडवलं, क्ष = ४. मोजून आलेलं आणि सोडवून आलेलं जुळलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मला आवडतं. एकाने पुढे जाऊन १३ गाठींची लांबी काढली, उणे ४ सेंटीमीटर! इथे उलटं झालं बघा, तराजू समीकरणाला पुरला नव्हता, आणि आता समीकरण दोरीच्या पुढे धावलं. प्रत्यक्षात तर उरलेल्या तुकड्यात गाठ बसेनाशी होते ती त्याच्या आधीच.

बाटलीला भोक पाडून पाण्याची उंची दर मिनिटाला मोजायचा प्रयोग पण केला, तो सरळ रेघेत येत नाही, पाणी कमी झालं की दाब कमी होतो आणि गळणं मंदावतं, रेघ वाकते. घ्याच हा एक, नाहीतर सगळंच रेषीय असतं असं मुलांना वाटायला लागतं. ग्लासवर ग्लास रचायचा प्रयोग बरेच जण सुचवतात, ठीक आहे, दोरीनंतर नवीन काही हाती लागलं नाही.

मैदानावर खडूने चौकटी आखून केलेला मानवी आलेख मात्र चुकवू नका. मुलं क्ष-अक्षावर उणे ३ पासून ३ पर्यंतच्या आकड्यांवर उभी राहतात आणि य = २क्ष + १ म्हटलं की आपापला आकडा घालून तेवढी पावलं पुढे किंवा मागे जातात. सगळ्यांच्या हातात एकच लांब दोरी द्यायची. उणे २ वाला ३ वर गेला होता, दोरीला कोपरा आला, त्याला कुणी काही सांगायच्या आत तो मागे उणे ३ वर. मग म्हटलं ३क्ष + १ करा. सगळे हलले, शून्यावरची मुलगी जागेवरच. "मी का नाही हलत?" हा प्रश्न तिचा तिनेच सोडवला, वेळ लागला थोडा. २क्ष + ३ केलं तेव्हा मात्र सगळ्यांनी २क्ष + १ च्या जागेवरून दोन-दोन पावलं पुढे टाकली, ती पण, आणि रेघ तशीच तिरकी पण वर सरकलेली. शेवटी दोन गट केले, एक २क्ष + १ चा आणि एक −क्ष + ४ चा, आणि १ आकड्यावरची दोन मुलं य = ३ च्या एकाच चौकटीत येऊन एकमेकांवर आदळली. एकसामयिक समीकरणं, म्हणजे दोन समीकरणं एकत्र सोडवणं, अजून शिकवायची आहेत, पण उकल म्हणजे काय ते या दोघांना आता वेगळं सांगावं लागणार नाही.

वेळ खूप जातो, हे खरंच आहे. पोर्शन मागे पडतो, शेजारच्या वर्गातून आवाजाच्या तक्रारी येतात. मार्क एकदम उड्या मारून वाढले वगैरेही काही नाही. फरक दिसला तो एका ठिकाणी, उत्तर आल्यावर ते समीकरणात घालून बघणं. आधी हे ताळा म्हणून सांगितलं तर कुणी करायचं नाही, आता एकमेकांना म्हणतात "पुडी उघडून बघ की", आणि बघतात.

शाब्दिक उदाहरणं अजून अडतात, त्यात पुड्यांचा फारसा उपयोग झाला नाही. सध्या उलटं करून बघतेय, समीकरण मी देते, गोष्ट मुलांनी लिहायची. ५क्ष − २ = ३क्ष + १० ला एकीने पेन्सिलींची पाच खोकी लिहिली ज्यातल्या दोन पेन्सिली हरवल्या, आणि मैत्रिणीकडे तीन खोकी आणि दहा सुट्या. छान जमलं, खोक्यात ६. एका मुलाने ३क्ष + ४ = १५ ला तीन गाड्यांत सारखी मुलं बसली आणि चार मुलं चालत आली अशी गोष्ट केली, आणि वर्गाने पुडी उघडली तर एका गाडीत ११ भागिले ३ मुलं निघाली. बरीच ओढाताण झाली, कुणी म्हणालं १५ चे १६ कर, कुणी म्हणालं चालत आलेल्यांपैकी एक कमी कर. त्याने समीकरणाला हात लावू दिला नाही. खोडरबर घेतलं, मुलं खोडली, रिबनीचे तीन सारखे तुकडे आणि चार मीटरचा एक असं लिहिलं, आणि वही माझ्याकडे सरकवली.